ग्रहांची थोरली अक्षरं

कापसाने आमचा लेखनिक पळवला, म्हणून त्या पुस्तकाला माझं अक्षर लागलं. एरवी शाळेच्या पुस्तकाशी माझा संबंध येण्याचं काही कारण नव्हतं.

त्या काळी अमरावतीत ज्याला म्हणून लिहिता-वाचता येत होतं, तो कापसाच्या व्यापाऱ्याकडे कारकून होत होता. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिथला कापूस विलायतेला जाईना, त्यामुळे आमच्या काळ्या रानातल्या बोंडांना एकाएकी असा भाव आला की लोकांनी ज्वारीची वावरंसुद्धा कापसाखाली घातली. सकाळी दार उघडलं की गल्लीत गाड्यांची रांग. कापसाचे तंतू तुळशीला लागलेले, पाण्याच्या घागरीत उतरलेले, वाळत घातलेल्या लुगड्यांना चिकटलेले. सासूबाई दिवसातून कितीदा तरी घागर गाळून घ्यायच्या आणि व्यापाऱ्यांच्या नावाने बोटं मोडायच्या.

हे सरकारी शाळेत मास्तर होते. इंग्रजी नागपुरास शिकलेले. सूर्य, ग्रह, तारे यांची मुलांना माहिती व्हावी म्हणून शाळाखात्याने यांना एक लहानसं इंग्रजी पुस्तक मराठीत आणायला सांगितलं होतं. ते काम यांनी मोठ्या हौसेने पुरं केलं. अकोल्याला तेव्हा नवा शिळाछापखाना निघाला होता, तिथे ते छापायचं ठरलं. या छपाईत एका खास कागदावर तेलकट शाईने सगळा मजकूर आधी हाताने लिहून काढावा लागतो. तो कागद दगडावर दाबला की अक्षरं दगडावर उतरतात, आणि मग त्या दगडावरून हव्या तेवढ्या प्रती निघतात. म्हणजे लिहिणाऱ्याचं अक्षर जसं, तसं पुस्तक.

लिहिणारा मिळाला होता. त्याने पहिली काही पानं काढली, आणि एका सकाळी येऊन पागोटं सावरत म्हणाला, "मास्तर, मले पेढीवर बोलावून राहिले. तुमच्या सूर्य-चंद्रापायी मी काहून मांगं राहू?"

तो गेला. दुसरा लेखनिक शोधण्यात आठवडे गेले. यांचं मोडी सुरेख वळणाचं, पण पुस्तकाला लागणारं बालबोध लिहायला घेतलं की अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडायची. शेवटी एके दुपारी हे ओसरीवर डोकं धरून बसलेले पाहून मी म्हटलं, "मी लिहू का?"

माझं माहेर मोर्शीकडचं. वडील पोथ्या नकलून देत. मला भाऊ नव्हता, म्हणून बोरू तासणं, शाई घोटणं, रेघा आखणं हे सगळं त्यांनी माझ्याकडून करून घेतलं आणि हळूहळू लिहायलाही बसवलं. सासरी आल्यावर ते सगळं बंद पडलं होतं. कोणी मनाई केली नव्हती, पण कोणी लिही असंही म्हटलं नव्हतं.

यांनी मला पाटी दिली आणि एक ओळ काढायला लावली. मी लिहिली. हे पाटी उजेडाकडे धरून म्हणाले, "शाई कशाची असते ते तुला माहीत आहे का?"

ती खरी अडचण होती. त्या शाईत मेण, साबण, लाख असायची, आणि चरबीही असायची. चरबीचं नाव निघताच सासूबाई देवघरातून बाहेर आल्या.

"काय करून राहिले तुमी सोवळ्याच्या घरात? ते चरबी माह्या चुलीजवळ?"

मी म्हटलं, "चुलीजवळ नाही. पुढच्या पडवीत बसून लिहीन. उठले की विहिरीवर आंघोळ करीन, लुगडं बदलीन, आणि मगच आत येईन."

"थंडीत बी?"

"थंडीतही."

 आत जाऊन त्यांनी भांड्यांचा आवाज केला. नाही म्हणाल्या नाहीत, एवढं मी धरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पडवीत चौरंग मांडला.

पहिले दिवस हात बसवण्यात गेले. कागदावर खळीचा थर असायचा. बोरू जरा जोरात टेकला की थर खरवडला जायचा आणि पान फुकट. मी श्वास रोखून लिहायची. चुकू नये म्हणून आधी वाक्य मोठ्याने वाचायची आणि मग लिहायची. त्या वाचण्यातून सगळं पुढचं निघालं.

एका सकाळी मी वाचलं, "गुरू सर्वांत मोठा आहे. गुरूला चार चंद्र आहेत. ते गुरूभोवती फिरतात."

आतून सासूबाईंचा आवाज आला. "कोन्या गुरूले चार चंद्र आहेत वं? कुठले महाराज हे?"

मला हसू आवरेना. संध्याकाळी मी यांना सांगितलं, तेव्हा हेही हसले. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आले ते गंभीर होऊन. यांनी तेच वाक्य फळ्यावर लिहून मुलांना अर्थ विचारला होता. अर्ध्या वर्गाने सांगितलं होतं, गुरू म्हणजे शिकवणारे, ते सर्वांत थोर असतात, आणि चंद्र म्हणजे त्यांचे शिष्य असावेत.

"पोरांचं काय चुकलं?" हे म्हणाले. "मीच वाचलं असतं तर मलाही तसंच वाटलं असतं. इंग्रजीत ही भानगडच नाही. त्यांच्याकडे अक्षरं दोन प्रकारची. एक थोरलं, एक धाकटं. नाव आलं की पहिलं अक्षर थोरलं. पुस्तकात आपल्या चंद्राचं नाव थोरल्या अक्षराने येतं, आणि गुरूभोवती फिरणारे चंद्र धाकट्या अक्षराने. पृथ्वीला जो शब्द, तोच मातीला. आकाशातला गोल म्हणायचा असला की थोरलं, वावरातली माती म्हणायची असली की धाकटं. नजर पडताच कळतं."

"मग आपणही थोरलं काढू."

"आपल्या बालबोधीत थोरलं अक्षर कुठलं?"

"नाही, तर करू. लिहून तर मीच राहिले ना?"

 मला माझ्याच बोलण्याचं नवल वाटलं. पण एकदा बोलून गेल्यावर ते मला सोडून देववेना.

मी दुसरा बोरू रुंद टोकाचा तासला. ग्रहाचं नाव आलं की तो उचलायचा आणि नाव जाड काढायचं, बाकी सगळं नेहमीच्या बोरूने. पाटीवर काढून पाहिलं तर फार छान दिसलं. ओळीत जाड गुरू आला की डोळा आपोआप थांबत होता.

मात्र कोणाला जाड काढायचं आणि कोणाला नाही, यावर घरात दिवसचे दिवस वाद चालले. आपला चंद्र जाड, गुरूचे चंद्र बारीक, हे यांच्या पुस्तकात होतंच. सूर्य जाड, पण तारे म्हणजे दूरदूरचे सूर्यच आहेत असं वाक्य आलं तिथे सूर्य बारीक. मंगळ जाड. आणि मंगळवार? हे म्हणाले, वाराला लावू नये, वार आकाशात फिरत नाही.

शेजारी पंचांग सांगणारे बुवा राहत. ते पडवीपाशी थांबून पाहायचे. एकदा ते यांना म्हणाले, "जाड-बारीक काहून करता? देवांची नावं आहेत. श्री लावा. श्रीसूर्य, श्रीचंद्र. मान बी राहते, अन् ओळखू बी येते."

हे म्हणाले, "बुवा, मान द्यायचा असता तर लावला असता. इथं फक्त नाव कोणाचं ते सांगायचं आहे."

"मग राहू-केतू?"

"ते गोल नाहीत. त्यांचं नाव पुस्तकात येतच नाही."

बुवांना ते पटलं नाही. राहू-केतूला वगळलेलं पुस्तक मुलांच्या हातात देणं बरं नाही, असं म्हणत ते गेले. तरी त्या दिवसानंतरही रोज थांबून किती पानं झाली ते विचारायचे.

सासूबाईंची हरकत वेगळी होती. शनीचं नाव मी जाड काढलेलं त्यांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"त्याचं नाव इतकं ठळक काहून काढलं वं? त्याची नजर वळली म्हंजे? बाकीच्याईचं काढ, त्याचं बारीक ठेव."

मला त्यांचं मन दुखवायचं नव्हतं. पण एकाला वगळलं तर सगळ्या रचनेतला अर्थ गेला असता. मी थोडा विचार करून म्हटलं, "सासूबाई, सगळ्यांची नावं मोठी काढली आणि त्याच्या एकट्याचं लहान ठेवलं, तर तो रागावणार नाही का?"

 चौरंगावरच्या पानाकडे त्यांनी लांबूनच पाहिलं.

"हो वं," त्या हळूच म्हणाल्या, "ते बी खरं आहे. काढ मग जाड. चांगलं सुबक काढ."

शनीचं नाव त्या पुस्तकात मी सर्वांत जपून लिहिलं.

पानं पुरी होत आली तेव्हा खात्याचे डेप्युटी शाळा तपासायला आले. मूळचे पुण्याचे, बोलणं कोरीव. यांनी त्यांना पानं दाखवायला घरी आणलं. मी दाराआड उभी होते.

त्यांनी पानं उलटली, अक्षराची वाखाणणी केली, आणि जाड अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे, मास्तर?"

यांनी समजावलं.

"बालबोधीत अशी रीत नाही," डेप्युटी म्हणाले. "मराठीला संदर्भावरून अर्थ कळतो. इंग्रजांच्या लिपीची खोड आपण कशाला उचलायची? उद्या म्हणाल, माणसांची नावंही जाड काढा."

"वर्गात अर्थ कळला नाही, साहेब. मी विचारून पाहिलं."

"तर शिक्षकाने सांगावं. शिक्षक कशासाठी असतो?"

यावर हे काय बोलतील म्हणून मी कान देऊन उभी होते.  हे म्हणाले, "जिथं शिक्षकच पुरेसं शिकलेला नाही, तिथं काय करावं? तिवशाच्या शाळेत काल-परवापर्यंत हिशेब शिकवणारे आता हेच पुस्तक शिकवणार आहेत."

डेप्युटींनी पान पुन्हा हातात घेतलं. माणूस हट्टी होता, पण अडेल नव्हता. "छापून दाखवा," ते म्हणाले. "छापलेलं पान स्वच्छ दिसलं, तर मी वर्गात परीक्षा घेऊन पाहीन. नाही दिसलं, तर सगळी अक्षरं सारखी."

पानं अकोल्याला गेली. अमरावतीचा कापूस त्या दिवसांत अकोल्याकडे वाहत होता, रोज गाड्या निघत, त्यामुळे न्यायला-आणायला माणसं मिळायची. काही दिवसांनी एका गाडीवानाने छापलेली नमुन्याची पानं आणून दिली. यांनी ती उलगडली आणि माझ्याकडे दिली.

बारीक अक्षरं मोत्यासारखी उतरली होती. जाड अक्षरांचे मात्र डाग झाले होते. दगडावर दाबताना रुंद रेघांतली शाई पसरली होती. सूर्य ओळखू येत नव्हता. पृथ्वीच्या जागी नुसता काळा गोळा होता.

"राहू दे," हे म्हणाले. "आपण करून पाहिलं. आता सगळं सारखं लिहून टाक."

"नाही."

"म्हणजे?"

"शाई का पसरते, ते बघितल्याशिवाय मी दुसरं पान लिहिणार नाही. मला अकोल्याला न्या."

तेव्हा मास्तराच्या बायकोने छापखान्यात जायचं, ही गोष्ट बोलायलाही धजावं लागे. हे म्हणाले, आई काय म्हणेल. मीच आत गेले. सासूबाई ज्वारी निवडत होत्या. मी डाग पडलेलं पान त्यांच्यापुढे धरलं, लांबूनच.

"यात शनी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मी डाग दाखवला.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "हे त्याचं तोंड काळं करून ठेवलं त्याईनं. असं छापलं तं आपल्या घरावर कोप होईन. जा तुमी. सैपाकाचं मी पाहून घेईन."

देवाच्या भीतीने म्हणा, माझ्या पानांच्या काळजीने म्हणा, त्या हो म्हणाल्या. दोन्ही असावं. पुढे एकदा त्या शेजारणीला सांगत होत्या की आमच्या सुनेच्या अक्षरासाठी छापखानावाल्याला दगड बदलावा लागला. दगड कोणी बदलला नव्हता, पण मी त्यांना अडवलं नाही.

प्रवासाला बैल मिळेनात. जनावर आणि गाडी जी असेल ती कापसाला लागलेली. शेवटी यांच्या एका विद्यार्थ्याचे वडील, स्वतःच्या वावरातला कापूस घेऊन निघालेले शेतकरी, म्हणाले, "गुरुजी, गाडीवर बसा. माल मऊच आहे." असे आम्ही कापसाच्या ढिगावर बसून बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला गेलो. मागेपुढे नजर पोचेल तिथवर गाड्या. धुळीने तोंड ओळखू येत नव्हतं. माझ्या मांडीवर कोऱ्या कागदांचं गाठोडं होतं, तेवढं मी पदरात गुंडाळून धरलं होतं.

वाटेत त्या शेतकऱ्यांनी विचारलं, "बाई, अक्षरापायी इतक्या दूर चालल्या?"

"हो."

"बरं आहे," ते म्हणाले. "आमी सरकीच्या वाणापायी याच्याहून दूर जातो." आणि बैलांना हाकारलं.

छापखाना म्हणजे दोन खोल्या आणि मागे अंगण. मालक कोकणातले, मुंबईला काम शिकून आलेले. व्यापाऱ्यांच्या भावपत्रकांची त्यांच्याकडे इतकी गर्दी होती की आमचं पुस्तक कोपऱ्यात पडलं होतं. मला पाहून ते चपापले, पण यांनी सांगितलं की हिचंच अक्षर आहे, तेव्हा त्यांनी आपल्या बायकोला हाक मारून मला मागच्या अंगणात बसायला जागा करून द्यायला सांगितलं.

मी म्हटलं, "आधी मला दगडावर कागद दाबताना पाहायचा आहे."

त्यांनी दाखवलं. ओला केलेला कागद दगडावर पालथा घालून वरून दाब देत. मी खाली वाकून पाहिलं. शाईची रेघ रुंद असली की दाबाने ती बाजूला सरकायची. बारीक रेघेला सरकायला शाईच नव्हती.

"जाड रेघ आमच्या दगडावर चालायची नाही," मालक म्हणाले. "नावाखाली बारीक रेघ ओढा. मुंबईला तसं करतात."

मी लगेच ओढून पाहिली. गुरूच्या पहिल्या अक्षराला खाली उकार. रेघ आणि उकार एकमेकांत गुंतून काहीतरी तिसरंच अक्षर झालं. मग नावाच्या वरून दुहेरी रेघ काढली. तर पृथ्वी आणि शनी यांच्या वेलांट्या त्या रेघेत अडकल्या. मग नावाच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी सोडली. ती तर कोणाला दिसलीच नाही, नुसती ओळ विरळ वाटली.

हे म्हणाले, "इतकं झालं, आता पुरे."

मी तशीच लिहीत राहिले. मालकांची बायको मला ताकाचं भांडं देऊन गेली होती, ते तसंच होतं. ऊन अंगणात उतरलं, मी चौरंग भिंतीकडे सरकवला. मनात एकच घोळत होतं की रेघ बारीकच हवी, आणि तरी नाव वेगळं दिसायला हवं. मग माझ्या ध्यानात आलं की मी उगाच रेघेशी झगडते आहे. रेघ बारीक राहिली आणि अक्षरच मोठं झालं तर?

नेहमीच्याच बोरूने मी गुरू काढला, पण इतर अक्षरांच्या दीडपट उंच. वरची रेघ ओळीच्या वर निघाली, उकार खाली गेला. ओळीत तो असा उभा राहिला, जसा वर्गात एक मोठा मुलगा उभा राहावा.

मी पान यांच्याकडे दिलं. यांनी ते मालकांना दिलं. मालकांनी भावपत्रकाचं काम बाजूला सारून तो कागद स्वतः दगडावर दाबला. पहिली प्रत निघाली ती ओलीच आमच्यापुढे धरली. एकही अक्षर पसरलं नव्हतं.

"बाई," मालक म्हणाले, "पण ओळींमधलं अंतर वाढलं. पानं वाढणार. सगळं पुस्तक नव्याने लिहावं लागेल."

"लिहिते."

"पुन्हा पहिल्यापासून?"

"पहिल्या लेखनिकाने लिहिलेली पानंही मीच लिहिते. नाहीतर पुस्तकात दोन हात दिसतील."

हे शाळेसाठी अमरावतीला परतले. मी तिथेच राहिले. मालकांच्या बायकोच्या सोबतीने त्या अंगणात बसून मी सगळं पुस्तक पुन्हा लिहिलं. अकोल्याचा उन्हाळा तापत होता. घामाचा थेंब कागदावर पडू नये म्हणून मनगटाला फडकं बांधत असे. शाई उन्हाने पातळ व्हायची, तेव्हा ती ओल्या वाळूत ठेवायची युक्ती त्या बाईंनीच काढली. कधी हात असा दुखायचा की पोळी मोडता येत नसे. पण मोठी नावं लिहायची वेळ आली की हात आपोआप स्थिर व्हायचा. त्या दिवसांत मला कोणी विचारलं असतं की तू काय करते आहेस, तर मी म्हटलं असतं, ग्रहांना त्यांच्या जागी बसवते आहे.

पुस्तक निघालं. यांनी पहिली प्रत घरी आणली तेव्हा सासूबाईंनी ती हातात घेतली नाही, शाईमुळे, पण पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं.

मग डेप्युटी परीक्षेला आले. आमची शाळा तेव्हा देवळाच्या ओवऱ्यांत भरायची. सासूबाई मला म्हणाल्या, "चाल, दर्शनाले जाऊ." आम्ही दोघी सभामंडपात खांबाआड बसलो. तिथून वर्ग दिसत नव्हता, पण ऐकू सगळं येत होतं.

डेप्युटींनी मुलांना वाचायला सांगितलं. एका मुलाने सुरुवात केली. बेताच्या आवाजात वाचत गेला आणि एकदम ओरडला, "सूर्य!" पुन्हा बेताच्या आवाजात, आणि पुन्हा ओरडला, "पृथ्वी!" दुसऱ्याने वाचायला घेतलं, तर तोही तसाच. पुढे तर सगळा वर्गच नावं आली की एका सुरात ओरडू लागला. देवळातली कबुतरं उडाली.

 अक्षर मोठं म्हणजे आवाज मोठा, असा अर्थ मुलांनी लावला होता.

"मास्तर," डेप्युटींचा आवाज आला, "मुलं अशी का ओरडतात?"

"अक्षर मोठं आहे म्हणून, साहेब."

 सासूबाईंनी माझा हात धरला.

मग डेप्युटींनी विचारलं, "सर्वांत मोठा ग्रह कोणता?"

"गुरू!" सगळे ओरडले.

"त्याच्याभोवती काय फिरतं?"

"चंद्र." हे मात्र मुलं हळू म्हणाली, कारण तो चंद्र पुस्तकात लहान होता.

"बरं. आणि तुमच्या गुरुजींभोवती कोण फिरतं?"

 मग सगळे मिळून म्हणाले, "आमी!"

डेप्युटी हसले. मोठ्याने हसले. पुण्याचा तो कोरीव माणूस असा हसेल असं मला वाटलं नव्हतं. "मास्तर," ते म्हणाले, "ओरडायचं तेवढं बंद करा. अक्षर राहू द्या."

सासूबाईंनी देवापुढे नारळ फोडायला लावला. मी घरी आले, सवयीने विहिरीकडे वळले आणि मग तशीच आत गेले, कारण हाताला शाई नव्हती. चूल पेटवताना लक्षात आलं की इतके महिने मी या घरात पाहुणीसारखी पडवीतून आत येत होते.

पुस्तक मोर्शीला, तिवशाला, अकोल्याला गेलं. माझ्या माहेरच्या गावी ते पोचलं तेव्हा वडिलांनी निरोप पाठवला की अक्षर ओळखलं. पुढे बऱ्याच वर्षांनी मुंबईहून शिशाच्या खिळ्यांनी छापलेलं नवं पुस्तक आलं, आणि आमचं मागे पडलं. त्या नव्या पुस्तकात सगळी अक्षरं एका मापाची. गुरू आणि गुरू यांत फरक कळावा म्हणून त्यांनी 'गुरू ग्रह' असं लिहिलं होतं, 'पृथ्वी ग्रह', 'मंगळ ग्रह'. युक्ती चांगली आहे. माझ्यापेक्षा सोपीही आहे, हे मी मान्य करते. मी ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, कुठे अडते का ते पाहायला. एका ठिकाणी अडले. "चंद्र" एवढंच लिहिलं होतं, आणि आपला की दुसऱ्या कोणाचा, ते कळत नव्हतं. मी यांना तो मजकूर दाखवला आणि म्हटलं, खात्याला कळवा. यांचे डोळे तेव्हा अधू झाले होते. हे म्हणाले, "तूच लिही." मी बोरू तासला आणि लिहायला बसले.